प्रथमाची गोष्ट आणि डोर्ल्याची पाल

(रत्नागिरीत विद्यार्थी आणि नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लकब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



समोर बरेचसे प्राणिशास्त्राचे आणि वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी दिसताहेत, थोडे पालक दिसताहेत, आणि मागे खिडकीशी दोन-तीन मंडळी बंदरावरून थेट आलेली आहेत असं वासावरून कळतंय. (हशा) बसा, बसा, तुमच्याशी मला खास बोलायचंय.

विद्यार्थी मला एक प्रश्न वारंवार विचारतात. "मॅडम, मला वन्यजीव संवर्धनात काम करायचंय, पण मला लिहायलाही आवडतं. चित्रं काढते. गोष्टी सांगते. यातलं काय सोडू?" घरून सांगितलेलं असतं की एक काहीतरी धर. कॉलेजातही शोधनिबंध वेगळा आणि कथाकथन वेगळं, ते स्नेहसंमेलनात. मला वाटतं हा प्रश्नच चुकीचा मांडलाय. का, ते आपल्या जिल्ह्यातल्याच उदाहरणांवरून सांगते.

२०२२ सालच्या जानेवारीत मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या पुळणीवर एका ऑलिव्ह रिडले कासवीच्या पाठीवर एक छोटा ट्रान्समीटर बसवला गेला. भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याचं कांदळवन प्रतिष्ठान यांचा तो प्रकल्प. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर रिडले कासवाला असं उपग्रह टॅगिंग पहिल्यांदाच होत होतं. यंत्र कसं चालतं? कासव पाण्याखाली असताना त्याचा काही उपयोग नाही, कारण खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी जात नाहीत. ते श्वास घ्यायला वर येतं, अँटेना पाण्याबाहेर निघते, आणि तेवढ्या क्षणात डोक्यावर उपग्रह असेल तर संदेश पोचतो. म्हणजे नकाशावर जी रेघ तुम्हाला दिसते ती कासवाच्या श्वासांची रेघ असते. दोन श्वासांच्या मधलं आपण अंदाजानं जोडतो.

आता शास्त्राच्या दृष्टीनं त्या कासवीची ओळख म्हणजे एक क्रमांक. पण तिला नाव दिलं गेलं, प्रथमा. मग आंजर्ल्याची सावनी, आणि फेब्रुवारीत गुहागरच्या रेवा, वनश्री आणि लक्ष्मी. पुढच्या वर्षी गुहागरलाच बागेश्री आणि गुहा. आणि गंमत बघा, ज्या लोकांनी आयुष्यात सागरी जीवशास्त्राचं एक पान वाचलेलं नव्हतं, ते सकाळी चहा घेताना विचारायला लागले, "बागेश्री कुठवर पोचली?" ही बागेश्री खाली केरळ, कन्याकुमारी करत श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. एखाद्या घरची मुलगी मुंबईला नोकरीला लागल्यावर तिची चौकशी होते ना, तशी चौकशी.

काही शास्त्रज्ञांना हे नावं देणं पटत नाही. नाव दिलं की आपण प्राण्यात माणूस बघायला लागतो, असा आक्षेप आहे, आणि तो पोकळ नाही. त्याकडे मी परत येते.

आधी हे सांगते की संवर्धन जीवशास्त्राला गोष्टीची गरज का पडते. भौतिकशास्त्राला पडत नाही तेवढी. मायकेल सूले नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ होता, या विद्याशाखेच्या प्रवर्तकांपैकी एक. १९८५ साली त्यानं एक लेख लिहिला, त्यात या शास्त्राला त्यानं संकटकाळाचं शास्त्र म्हटलंय. अपघात विभागातला डॉक्टर जसा सगळे रिपोर्ट येईपर्यंत थांबू शकत नाही, तसं. सगळी माहिती हातात येईपर्यंत थांबलात तर अभ्यासायला प्राणीच उरणार नाही. मग अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यायचा, आणि तोही एकट्यानं नाही. ज्याची जमीन आहे, ज्याचं जाळं आहे, ज्याची ग्रामपंचायत आहे, त्याला तो पटावा लागतो. तिथे आलेख पुरत नाही.

वेळासचंच घ्या. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, कासवांसाठी तिथे गेलेलीच नव्हती. ती किनाऱ्यावर समुद्री गरुडांची घरटी शोधत होती. त्या पाहणीत कळलं की इथे कासवं अंडी घालतात, आणि ती अंडी माणसं खणून नेतात, विकतात, उरलेली कोल्ही-कुत्री खातात. ऑलिव्ह रिडले १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. पण पहाटे तीन वाजता पुळणीवर कायदा नसतो, गावातला माणूस असतो. तेव्हा त्याच माणसाला राखणदार करायचं, असं ठरलं. आज आपण त्यांना कासवमित्र म्हणतो.

कासवमित्राचं काम म्हणजे रोज अंधारात किनारा चालायचा. कासवीच्या चालीचा माग दिसला की तो वाचायचा. ट्रॅक्टरच्या टायरसारखा उमटतो तो. काठीनं वाळू हळूच दाबून पोकळी शोधायची. शंभर-सव्वाशे अंडी असतात. घालून झाल्यावर थोड्याच तासांत हलवायची, कारण नंतर आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो आणि अंडं उलटंपालटं झालं तर तो मरतो. मग हॅचरीत तेवढ्याच खोलीचा, तसाच सुरईसारखा खड्डा. साधारण पन्नास-साठ दिवस वाट. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात, गार राहिली तर नर. म्हणून हॅचरीवर सावली किती धरायची हाही शास्त्राचा प्रश्न आहे. हॅचरी नुसती जाळी मारून भागत नाही.

आणि २००६ पासून कासव महोत्सव. लोकांनी यावं, गावात राहावं, उकडीचे मोदक खावेत, पिल्लं समुद्रात जाताना बघावीत. वेळास म्हणजे नाना फडणवीसांचं गाव, पण आज बहुतेक पर्यटक तिथे नानांसाठी जात नाहीत. अंडं विकून जे मिळायचं त्याच्या कितीतरी पट घरगुती राहण्या-जेवणाच्या सोयीतून मिळायला लागलं. हे झालं कशामुळे? पैशामुळे, हो. पण पैसा नंतर आला. आधी बाहेरच्या माणसाला पुण्याहून रात्रभर गाडी मारत यावंसं वाटलं पाहिजे, आणि ते त्याला गोष्टीमुळे वाटलं. तळहाताएवढंही नसलेलं पिल्लू लाटेकडे धावतं, आणि मादी असेल तर मोठी झाल्यावर याच किनारपट्टीकडे अंडी घालायला परतते. परत येताना ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेतं. यात एक शब्द सजवावा लागत नाही.

पण लोक सजवतात. आणि इथे आपल्या कामाचा अवघड भाग सुरू होतो.

तुम्ही कासव महोत्सवाचे व्हिडिओ बघा. त्यात हमखास दोन वाक्यं येतात. पहिलं, अंडी घालताना कासवी रडते, कारण तिला माहीत असतं की ती पिल्लांना कधी बघणार नाही. दुसरं, हजारात एकच पिल्लू जगतं.

पहिल्याबद्दल सांगते. तिच्या डोळ्यांतून पाणी येतं हे खरं. समुद्राचं खारं पाणी आणि खारं अन्न पोटात जातं, ते जास्तीचं मीठ बाहेर टाकायला तिच्या डोळ्यांजवळ ग्रंथी असतात. पाण्यातही त्या ग्रंथी चालूच असतात, आपल्याला दिसत नाही इतकंच. मला सांगा, जो प्राणी अश्रूंवाटे समुद्र गाळून टाकतो, त्याची ही गोष्ट आईच्या रडण्यापेक्षा कमी आहे का? मला तरी जास्त वाटते.

दुसरं. 'हजारात एक' हा आकडा सगळीकडे आहे. पिल्लू समुद्रात शिरल्यावर पुढची कित्येक वर्षं ते कुठे असतं, किती जगतात, हे मोजणं जवळजवळ अशक्य आहे. त्यामुळे हा ढोबळ अंदाज आहे. काही जण दहा हजारांत एकही म्हणतात. आता कुणी म्हणेल, काय बिघडलं, लोकांना हळहळ वाटते ना? बिघडतं असं की हाच आकडा उद्या कुणीतरी सरकारी अहवालात गुणाकाराला वापरतो. इतकी पिल्लं सोडली, म्हणजे इतकी कासवं वाढली. असं होत नाही. अंदाजाला अंदाज म्हणा. "नक्की कुणालाच मोजता आलेलं नाही" हे वाक्य गोष्टीत फार छान बसतं, ऐकणारा पुढे सरकून बसतो.

आणि आपल्याकडे तर कासवीची एक जुनी गोष्ट आहेच. संतांच्या वाङ्मयात कासवीची दृष्टी येते. ती पैलतीरावरून पिल्लांकडे नुसती बघते आणि त्या नजरेवर पिल्लं पोसली जातात. आई जवळ नसताना असलेल्या मायेची ही उपमा. देवळात गाभाऱ्यासमोर आपण ज्या दगडी कासवाला हात लावून पुढे जातो, तिथे बसलेल्या आजीला ही गोष्ट पाठ असते. जीवशास्त्राच्या दृष्टीनं समुद्री कासवी अंडी वाळूनं झाकते आणि निघून जाते, नजर वगैरे काही नाही. मग काय त्या आजीला जाऊन सांगायचं की तुमचं चूक आहे? अजिबात नको. ती उपमा परमेश्वराबद्दल आहे, कासवाबद्दल कधी नव्हतीच. उलट मी विद्यार्थ्यांना सांगते, त्या आजीपासून सुरुवात करा. "आजी, तुमची कासवी बघते. आमची ही कासवी बघत नाही, तरी पिल्लं वाट शोधतात, ती कशी सांगू?" त्या पुळणीवर सगळ्यात उजळ क्षितिज समुद्राचं असतं, पिल्लू तिकडे धावतं. आणि मग आपोआप पुढचं वाक्य येतं, की किनाऱ्यावरच्या हॉटेलाचे फ्लडलाइट लावले तर ते उलटं धावतं. आजीचा नातू हॉटेल बांधत असेल तर हे वाक्य तिच्यामार्फत पोचतं. अहवालामार्फत पोचत नाही.

आता नावांच्या आक्षेपाकडे येते. नाव दिलं की काय होतं? ट्रान्समीटर काही महिन्यांत बंद पडतात. बॅटरी जाते, यंत्र गळून पडतं, अँटेना मोडते, किंवा कासव जाळ्यात सापडून मेलेलंही असू शकतं. क्रमांकाचा संदेश थांबला तर आपण नोंद करतो. लक्ष्मीचा थांबला की लोक विचारतात, ती गेली का हो? तिथे खोटा धीरही द्यायचा नाही आणि खोटं दुःखही नाही. यंत्र बोलायचं थांबलंय, कासवाचं माहीत नाही. एवढं बोलायला धाडस लागतं.

दुसरी जोखीम म्हणजे एका प्राण्यावरून सगळ्या जातीबद्दल बोलणं. बागेश्री पूर्वेकडे गेली. २०२५ च्या जानेवारीत गुहागरला एक कासवी अंडी घालायला आली, तिच्या पायाच्या वल्ह्याला धातूची पट्टी होती, ०३२३३. ती पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली. म्हणजे साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी, असं जे समजलं जायचं त्याला हा मोठा धक्का आहे. पण दोन कासवी म्हणजे दोनच. त्यांच्यामुळे प्रश्न उघडतो, उत्तर मिळत नाही. आणि हो, ०३२३३ ला नाव नव्हतं, तरी तिची बातमी देशभर गेली. गोष्टीला नाव लागतंच असं नाही. प्रवास लागतो.

नावं देऊनही शिस्त कशी पाळायची, याचे दाखले आपल्याकडे आहेत. व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' वाचा. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला आहे. पात्रं सगळी वानरं. नवा नर टोळीचा ताबा घेतो, पिल्लं मारली जातात, आणि लेखक कुठेही "अरेरे" म्हणत नाही. वानरांतली ही पिल्लांची हत्या सुगियामा या जपानी शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात इथून जवळच, धारवाडच्या रानात नोंदवली होती. माडगूळकर वानरांना माणसांची नीती चिकटवत नाहीत, म्हणून ती कादंबरी जीवशास्त्राच्या वर्गात लावता येईल. तिकडे अमेरिकेत रेचल कार्सन. ती मुळात सागरी जीवशास्त्रज्ञ. १९४१ च्या तिच्या पहिल्या पुस्तकात एक मासा नायक आहे, त्याचं नाव स्कॉम्बर. हे त्या माशाच्या प्रजातीचं शास्त्रीय नावच आहे, आपल्या बांगड्याचा भाऊबंद. नाव दिलं, पण शास्त्राच्याच खिशातून काढून दिलं. मला ही युक्ती फार आवडते.

बरं, यशाची किंमतही बोलली पाहिजे, नाहीतर ही नुसती आरती होईल. पिल्लं बाहेर येतात ती बहुतेक रात्री, वाळू गार झाली की. बाहेर आल्यावर पहिला सुमारे दिवसभर ती झपाटल्यासारखी पोहतात. किनाऱ्याजवळ खाणारे जास्त, तिथून निसटायचं असतं. त्यासाठी पोटातल्या पिवळ्या बलकाची शिदोरी असते, मोजकीच. आणि पर्यटक येतो सकाळी सात वाजता, नाहीतर संध्याकाळी सहा वाजता. पिल्लू टोपलीत जितका वेळ धडपडतं तितकी शिदोरी संपते. म्हणून कुठल्याही किनाऱ्यावर "पाहुणे येईपर्यंत थांबा" असं कुणी म्हणालं, तर तिथल्या जीवशास्त्रज्ञानं नाही म्हणायचं. पाहुण्यांना रिकामी पुळण आणि पिल्लांचे माग दाखवायचे आणि रात्री काय घडलं ते सांगायचं. चांगला सांगणारा असेल तर माणूस रुसून जात नाही. हे कौशल्य आहे, ते शिकावं लागतं, आणि त्यासाठीच तुमच्यातली ती चित्रं काढणारी मुलगी हवी आहे.

आता समुद्राकडे पाठ करा आणि वर सड्यावर चला. कारण मला खरी काळजी तिथली आहे.

कासवाला गोष्ट मिळाली. सड्याला नाही मिळाली. आपण जांभ्याच्या ज्या कातळावर जन्मलो, वाढलो, त्याला आपण कागदोपत्री पडीक म्हणतो. चिरेखाण काढा, सुरुंग लावून माती भरून कलमं लावा, सपाट करा, विका. मी कलमांच्या विरोधात नाही, हापूस मलाही गोड लागतो. पण काय जातंय ते तरी माहीत असावं.

१९६३ साली एका पालीचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं, आपल्याच जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून मिळालेल्या नमुन्यावरून. हेमिडॅक्टायलस अल्बोफॅसिएटस. अल्बोफॅसिएटस म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांची. बोटभर प्राणी. दिवसभर कातळावरच्या सुट्या दगडाखाली बसते, रात्री बाहेर पडते. दक्षिण कोकणातले हे सडे सोडले तर जगात तिचं घर नाही. किती जणांनी तिचं नाव ऐकलंय? ... तीन हात. बागेश्री? ... बघा. सगळे.

सडा सपाट करताना पहिली गोष्ट काय होते, तर सुटे दगड गोळा करून कडेला गडगा घातला जातो. आपल्याला ती साफसफाई वाटते. पालीचं घर मोडलं हे दिसतच नाही, कारण घर म्हणजे नुसता दगड.

आणि त्याच सड्यावर पावसात निळ्या-जांभळ्या फुलांचा जो सडा पडतो, त्याला आपले लोक सीतेची आसवं म्हणतात. बघा, परत डोळ्यातलं पाणी! कुणा अनाम माणसानं दिलेलं नाव, त्यात गोष्ट आधीपासून भरलेली. शास्त्र त्यात काय घालतं? ही नाजूक वनस्पती मांसाहारी आहे. कातळावरच्या त्या बोटभर मातीत नत्र जवळजवळ नसतं, म्हणून तिच्या मुळाशी ओल्या मातीत बारीक फुगे असतात. सूक्ष्म जीव शेजारून गेला की फुग्याचं झाकण उघडतं आणि तो आत ओढला जातो, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. वनस्पतींमधल्या सगळ्यात चपळ हालचालींत तिची गणना होते. सीतेच्या आसवांना दात आहेत, असं एखाद्या शाळेत सांगून बघा, मग मुलं सड्यावर फूल तुडवत चालतात का बघा.

सड्याला आजवर एकदाच मोठी गोष्ट मिळाली, ती कातळशिल्पांमुळे. रत्नागिरीतल्याच काही शोधक मंडळींनी पायी फिरून, गुराख्यांना विचारत विचारत ती उजेडात आणली, आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा तो प्रचंड हत्ती तुम्ही पाहिला असेल. गेंडासुद्धा आहे कोरलेला, जो आज कोकणात नाही. म्हणजे ज्यानं कोरला त्यानं गेंडा पाहिला असणार, किंवा पाहिलेल्याकडून ऐकला असणार. आपल्या भागातली वन्यजीवांची पहिली नोंदवही ही, आणि ती चित्रांत आहे. विज्ञान आधी की चित्र आधी, असं विचारणाऱ्यांना मी तिथे घेऊन जाते.

बरं, वेळ होत आलाय. प्रश्न घेऊ.

(एक प्रश्न: आम्ही मच्छीमार. जाळ्यात कासव आलं तर जाळं कापून सोडतो, नुकसान आमचं. यात आम्ही गोष्ट काय सांगणार?)

दादा, तुमच्याकडे तर सगळ्यात भक्कम गोष्ट आहे. २०१८ पासून राज्यात योजना आहे, संरक्षित प्राणी सोडायला जाळं कापावं लागलं तर पंचवीस हजारांपर्यंत भरपाई. पण पुरावा म्हणून तुम्ही सोडताना काढलेले फोटो किंवा व्हिडिओ लागतो. तो मोबाइलवरचा फोटो नुसता भरपाईचा कागद नाही. कुठल्या वावात, कुठल्या महिन्यात, कुठल्या जातीचं कासव होतं, हे त्यात येतं. आम्हाला बोटीवर रोज कोण घेऊन जाणार? तुम्ही रोज जाता. फोटो काढताना पाठ पूर्ण येऊ द्या, आणि बोटीवरच्या मुलाला सांगा, त्याच्या शब्दांत दोन वाक्यं बोलून ठेव. तुम्ही म्हणता तसंच, शुद्ध भाषेची गरज नाही.

(दुसरा प्रश्न, एका विद्यार्थिनीचा: मॅडम, मला डोर्ल्याच्या पालीवर लिहायचंय. सुरुवात कुठून करू? तिला नाव काय देऊ?)

नाव तू देऊ नकोस. आधी सड्यावर गुरं नेणाऱ्यांना विचार ते तिला काय म्हणतात. काहीच म्हणत नसतील तर तेही लिहून ठेव, तो तुझ्या गोष्टीचा पहिला परिच्छेद झाला. मग एक वही कर. डाव्या पानावर तारीख, वेळ, कातळाचं तापमान, दगडाची लांबी-रुंदी, खाली काय मिळालं. काही नाही मिळालं तरी 'काही नाही' असं लिहायचं, ते सोडायचं नाही. उजव्या पानावर तुला काय वाटलं ते, चित्रं, गुराख्याचं बोलणं. दोन्ही पानं एकाच दिवशी भरायची. वर्षभरानं डाव्या पानांतून प्रबंध निघेल आणि उजव्या पानांतून गोष्ट, आणि गोष्टीतलं कुठलंही वाक्य डाव्या पानावर तपासता आलं पाहिजे. आधी तुझ्या शिक्षकांना सांग, वनविभागाची परवानगी लागेल का ते विचारून घे. एकटी जाऊ नकोस. आणि दगड हातानं नाही उचलायचा, खाली फुरसं असतं, विंचू असतो. काठीनं, आपल्यापासून लांबची कड वर करून. बघून झालं की दगड होता तसाच, त्याच बाजूनं, त्याच जागी परत ठेवायचा.